बिनआवाजाचं कार्ड

रोहिदासला आवाज कळतो, हे त्याच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण ते त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं. साजगावच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सचा सुपरवायझर. मोटर चालू झाली की डोळे मिटायचे, मान जरा तिरकी करायची आणि म्हणायचं, "मागची बेअरिंग गेली." बहुतेक वेळा ती गेलेलीच असायची, आणि नसली तर लवकरच जाणार होती असं तो धरून चालायचा. घरी आल्यावरही हा कान बंद होत नसे. संध्याकाळी कर्जतच्या घरी तो गॅलरीत चहा घेऊन बसला, की पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून घाटाची इंजिनं जोडली जात. तो आवाज ऐकून तो आत सुनंदाला सांगायचा, "आज मागच्या इंजिनाचं काही खरं नाही." सुनंदा "हो का," म्हणायची. गाडी मात्र ठाकुरवाडी ओलांडून व्यवस्थित वर जायची. रोहिदासने त्याबद्दल रेल्वेला कधी दोष दिला नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या हॉलमध्ये एक यंत्र घरघरत होतं आणि ते त्याला थांबवता येत नव्हतं. याची त्याला इतकी लाज वाटत होती, की कारखान्यात कुणी मोटर दाखवायला बोलावलं तरी तो हल्ली डोळे मिटत नसे.

मूळ बेत अगदी साधा होता. सुनंदाची आई, सोमीआई, खालापूरकडच्या तिच्या गावची धवलारीण. लग्नात भटजी यायच्या आधी आणि भटजी दक्षिणा घेऊन गेल्यावरही जिच्या गाण्यावाचून कुणाचं पान हलत नाही, ती धवलारीण. हळद दळायची तर तिचा धवला, उंबराची फांदी आणायची तर तिचा धवला. सोमीआईने मांडवात गळा उघडला की पलीकडच्या आळीतल्या बायका धुणं हातात धरून उभ्या राहायच्या. गेल्या वर्षी ती गेली. आता सुनंदाच्या भावाच्या, दशरथच्या, धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि गावात सगळ्यांच्या लक्षात आलं, की हळदीचा धवला पुरता कुणालाच येत नाही. सगळ्याजणी सोमीआईच्या मागून म्हणत आल्या होत्या, त्यामुळे प्रत्येकीला प्रत्येक ओळीचा शेवटचा अर्धा भाग तेवढा पाठ होता.

पुरावा म्हणाल तर एकच उरला होता. दशरथच्या थोरल्या मुलीच्या हळदीत रोहिदासने घेतलेला व्हिडिओ. तेव्हा सुनंदाने नवऱ्याला बजावलं होतं, की जेवणं झाली की आई धवला म्हणेल, तो अख्खा घ्या. रोहिदासने उपड्या घातलेल्या पातेल्यांच्या उतरंडीवर मोबाइल टेकवला, बटण दाबलं आणि तिथेच तांदळाच्या पोत्याला टेकून बसला. पुढे कितीतरी दिवस तो सांगायचा, "तो धवला मी डोळे मिटून, तल्लीन होऊन ऐकलाय." व्हिडिओत बायकांच्या पाठी दिसत होत्या, जातं दिसत होतं, सोमीआईचा कान आणि कानातली कुडी दिसत होती. आवाज मात्र पहिल्या दोन ओळींनंतर नुसता कुजबुजल्यासारखा. मोबाइल कानाला लावला तरी शब्द लागत नव्हते.

सुनंदा तो व्हिडिओ लावायची आणि अर्ध्यावर बंद करायची. "आईचा आवाज तेव्हाच बसला होता हो," ती म्हणायची. "मी तिथेच मागच्या चुलीशी उरलेल्या पंगतीच्या भाकऱ्या थापत होते. एवढ्या बारीक आवाजात ती कधी गायली होती का? आणि मला काही कळलं नाही." ज्याचं उत्तर नाही त्याच्यावर यंत्र बसवावं, हा त्याचा स्वभाव. म्हणून त्याने जाहीर केलं, की हॉलमध्ये होम थिएटर करू, मोठे स्पीकर लावू, सोमीआईचा शब्दन् शब्द ऐकवू. दशरथच्या बायकोला, मैनावहिनींना, त्याने फोन करून सांगितलंसुद्धा, की येत्या काही दिवसांत एखाद्या रविवारी गाणाऱ्या बायका घेऊन या, धवला पाठ करूनच परत जाल.

टीव्ही घरात होताच. स्पीकर आणले. त्यांच्याबरोबर जमिनीवर ठेवायचा एक मोठा डबा आला, जो जाड आवाज काढतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना आपल्या घरी काय चाललंय ते कळवतो. कॉम्प्युटर रोहिदासने पूर्वीच कंपनीच्या भंगाराच्या लिलावातून उचलून ठेवला होता. तो चालू झाला, पण व्हिडिओ लावताच सोमीआईची मान हिसके देत वळायला लागली. सुनंदा म्हणाली, "बंद करा, बघवत नाही."

चारफाट्यावर कमालचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कमाल हा शांत माणूस. त्याच्या वडिलांचं तिथेच रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे लोकांची यंत्राबद्दलची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची सवय त्याच्या घरात मुरलेली. तो म्हणाला, "रोहिदासभाऊ, मोबाइलचा व्हिडिओ भारी आहे आणि तुमचा कॉम्प्युटर म्हातारा आहे. ग्राफिक्स कार्ड टाका, चित्राचं काम ते सांभाळतं. गेम खेळणार का तुम्ही?"

"मी काय लहान आहे?"

"मग छोटं पुरेल. एका पंख्याचं. आवाज करत नाही आणि खिशालाही लागत नाही."

इथे थांबून घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एवढी वस्तू घ्यायची आणि कुणाला विचारायचं नाही, हे आपल्या समाजाला शोभत नाही. वरच्या मजल्यावरचा धनेश नवी मुंबईत कुठल्याशा मोठ्या कंपनीत होता आणि जिन्यात भेटला की इंग्रजीत खोकायचा. तो म्हणाला, "काका, छोटं कार्ड? उद्या पश्चात्ताप कराल. घ्यायचं तर दणदणीत घ्या. मोठ्या कार्डाचे पंखे सावकाश फिरतात, म्हणून तेच जास्त शांत." रोहिदासला हे पटलं. मोठी मोटर शांत चालते, हे त्याने स्वतःच कितीदा लोकांना सांगितलं होतं. त्याने कमालला म्हटलं, "छोटं कुणाला देतोस?" आणि तीन पंख्यांचं, रंगीत दिव्यांचं, विटेएवढं जड कार्ड घेऊन आला.

ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावेना. रोहिदासने हॅकसॉ काढली आणि आतली पत्र्याची चौकट कापली. कापताना कार्डावर एक लांब ओरखडा गेला, तिकडे त्याने बघितलं नाही. बटण दाबलं, कार्डाचे दिवे निळे झाले, हिरवे झाले आणि मग सगळ्या विंगचे गेले. संध्याकाळची वेळ, घरोघरी मालिका चाललेल्या. जिन्यात टॉर्च घेऊन माणसं उतरली. "कुणाकडे वेल्डिंग चाललंय?" सेक्रेटरी ओरडत होते. रोहिदास स्वतःच्या दारात, हातात हॅकसॉ घेऊन, इतरांसारखाच चौकशी करत उभा राहिला. सुनंदाने मागून हॅकसॉ हळूच काढून घेतली. तेवढ्याने त्याची मान आणखी खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तो ते कार्ड भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, परत घेऊन गेला. कमालने ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "राहू दे," म्हणाला, आणि छोटं कार्ड काढून दिलं. रोहिदासला वाटलं होतं, की तो दोन शब्द सुनावेल, मग आपणही दोन सुनावू आणि मोकळे होऊ. पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. त्या "राहू दे"चं ओझं पिशवीतल्या कार्डापेक्षा जास्त झालं, आणि खरं सांगायचं तर तिथपासूनच रोहिदासने मनात कमालविषयी राग धरला. आपल्यावर उपकार करणाऱ्याचा राग यावा यात नवल नाही, फक्त ते कुणी कबूल करत नाही.

छोटं कार्ड बसलं. व्हिडिओ लोण्यासारखा चालला. सोमीआईची मान नीट वळली, कुडी चमकली. सुनंदा पदर तोंडाशी धरून पुढे सरकली. आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला.

घर्रर्र. मग जरा थांबणं. पुन्हा घर्रर्र, आणि शेवटाला बारीकशी शीळ.

सोमीआई त्याच्याखाली पार बुडून गेली.

रोहिदासने व्हिडिओ थांबवला. आवाज थांबला. लावला. पुन्हा घर्रर्र. त्याने डोळे मिटले, मान तिरकी केली. "लोड," तो म्हणाला. "चित्र आलं की कार्डावर लोड येतो, लोड आला की पंखा वाढतो, थंड झालं की उतरतो. म्हणून वरखाली होतंय. शेवटची शीळ ऐकलीस? बेअरिंग कोरडी आहे. कमालने जुना पंखा पुसून नवा म्हणून दिलाय."

"मला बाई या आवाजाने झोपच यायला लागते," सुनंदा म्हणाली. आणि खरोखरच ती सोफ्यावर पेंगुळली.

रोहिदास कार्ड घेऊन चारफाट्यावर गेला. कमालने ते दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं, कसलासा समुद्राचा व्हिडिओ चालवला. पंखा फिरत होता आणि कणभर आवाज नव्हता. "इथे काय ऐकू येणार?" रोहिदास म्हणाला. "बाहेर बघ, टेंपो, एस्टी, माथेरानच्या गाड्या. माझा कान सांगतोय ना."

"भाऊ, घरी दुसरा कुठला व्हिडिओ लावून बघितला का?"

हा प्रश्न रोहिदासला अपमानकारक वाटला. "कमाल, जी मोटर बिघडलीय तीच मी तपासतो. शेजारची तपासत बसत नाही." दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्याकडे बघून तो जरा मोठ्याने म्हणाला, "माल बघून घ्या रे." कमालने त्याला पंखा बदलून दिला. घरी आल्यावर पुन्हा घर्रर्र.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. धनेश म्हणाला, की कार्डाची सेटिंगं बदलली पाहिजेत, आणि ती बदलताना टीव्हीवर सगळं उलटं दिसायला लागलं. एक दिवस रोहिदासने बातम्या मान वाकडी करून ऐकल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, की यंत्राला दृष्ट लागते, मीठमोहऱ्या ओवाळा. सुनंदाने ओवाळल्याही; एक मोहरी जाळीतून आत गेली आणि तिचा वेगळाच आवाज सुरू झाला. कारखान्यातल्या एकाने सांगितलं, गोधडीत गुंडाळा. गुंडाळल्यावर आवाज तसाच राहिला आणि गोधडीला इस्त्रीचा वास यायला लागला. शेवटी रोहिदासने ठरवलं, की यंत्रच घराबाहेर काढायचं. भिंतीला भोक पाडून वायरी आत घ्यायच्या आणि कॅबिनेट जिन्यातल्या मीटरच्या कपाटावर ठेवायचं.

भोक पाडून झालं तेव्हा सेक्रेटरी खाली उभे होते. रिटायर होण्याआधी ते पोस्टमास्तर होते आणि नियमावर त्यांचा जीव होता. "सामायिक जागेत यंत्रसामग्री ठेवायची तर अर्ज लागेल," ते म्हणाले. "कारण लिहा. कमिटी बघेल."

रोहिदासने अर्ज लिहिला. कारणाच्या जागी खूप विचार करून लिहिलं, "सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू यावा म्हणून." सेक्रेटरींनी चष्मा पुसून तो परत वाचला. "एवढी वर्षं सोसायटीत आहे," ते म्हणाले, "सासूचा आवाज बंद व्हावा म्हणून धडपडणारे जावई पाहिले. वाढवून मागणारे तुम्ही पहिलेच." अर्ज कमिटीत मोठ्याने वाचला गेला, हे रोहिदासला धनेशकडून कळलं. तो नामंजूर झाला, भोक बुजवून द्यायला सांगितलं, आणि पुढे बरेच दिवस जिन्यात माणसं त्याला "काय, सासूबाई काय म्हणतात?" असं विचारत राहिली. माणसं थट्टेत विचारत. पण ज्या बाईने याला पहिल्या सणाला स्वतःच्या हाताने आंबोळ्या वाढल्या तिच्यावर जिन्यात हसू झालं, आणि ते आपल्यामुळे, हे रोहिदासला लागलं. तो खाली बघून वर जायचा.

लागलेल्या माणसाला कुणावर तरी ते उतरवावं लागतं. एका दुपारी त्याने कर्जतच्या मोबाइल ग्रुपवर लिहिलं, "चारफाट्यावर कॉम्प्युटरचं सामान घेताना सावध. जुने पंखे नवे म्हणून विकतात. अनुभव घेतला आहे. आवाजातला जाणकार." नाव त्याने लिहिलं नाही. पण चारफाट्यावर कॉम्प्युटरचं दुकान एकच होतं, आणि आवाजातला जाणकारही कर्जतमध्ये एकच. लगेच अंगठे आले, हात जोडलेले आले, कुणी "धन्यवाद सर" म्हटलं. रोहिदासला जरा बरं वाटलं. फार वेळ नाही टिकलं ते.

शनिवारी कमालचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "भाऊ, शाळेची कॉम्प्युटरची ऑर्डर माझ्याकडे येणार होती. ते आता थांबा म्हणतात. ग्रुपवर वाचलं म्हणे." मग म्हणाला, "माझी बायको झोहरा त्याच शाळेत शिकवते. तिला स्टाफरूममध्ये लोक विचारतात. ती घरी येऊन काही बोलत नाही, पण मला कळतं ना." रोहिदास काहीतरी पुटपुटला. "उद्या मी तुमच्या घरी येतो," कमाल म्हणाला. "पंखाच नसलेलं कार्ड आणतो. नुसतं पत्र्याचं, आपोआप थंड होणारं. ते लावून बघू. आवाज गेला तर तुम्ही खरे, मी ग्रुपवर माफी मागतो."

"आणि नाही गेला तर?" असं रोहिदासने विचारलं नाही. कारण तसं होणार नव्हतं.

रविवारी सकाळीच मैनावहिनी टेंपोतून बायका घेऊन उतरल्या. तीन-चार पोक्त, बाकी लग्नघरच्या तरण्या पोरी. सोफा भरला, सतरंजी भरली. "दाजी, लई नाव ऐकलं तुमच्या यंत्राचं," मैनावहिनी म्हणाल्या. "आमच्या आयचा आवाज ऐकवा आता. पोरींना एक ओळ येत नाय." सुनंदा चहाला आत गेली. कमाल आला, दाराशी चपला काढून, कुणाकडे न बघता कॅबिनेटपाशी बसला. नवं कार्ड त्याने सगळ्यांना दाखवलं. नुसत्या पत्र्याच्या पट्ट्या, पंखा कुठेच नाही. ते बसवलं. मग कॅबिनेटमधले बाकीचे पंखेही वायरी काढून घटकाभर बंद केले. "आता यात फिरणारं काहीच नाही," तो म्हणाला.

रोहिदासने हॉलचे पंखे बंद केले. खिडक्या लावल्या. एवढ्या माणसांत जी शांतता झाली, तिच्यात आतल्या चहाची उकळी ऐकू येत होती. त्याने बटण दाबलं.

जातं दिसलं. पाठी दिसल्या. सोमीआईचा कान, कुडी.

घर्रर्र.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कमालने कॅबिनेटला कान लावला, मग हात लावला. रोहिदासची जीभ मात्र सवयीने चाललीच. "ऐका! ऐका सगळ्यांनी! हेच सांगत होतो मी. लोड! बेअरिंग..."

"भाऊ, यात बेअरिंगच नाही," कमाल म्हणाला.

घर्रर्र. थांबणं. घर्रर्र, आणि शेवटाला शीळ.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरातून, चहा गाळता गाळता, इकडे न बघता सुनंदाचा आवाज आला, "अहो, कुशीवर व्हा जरा!"

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग एका पोक्त बाईने टीव्हीकडे पाहिलं आणि रोहिदासकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मैनावहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण तो पुरला नाही. पोरी सतरंजीवर आडव्या झाल्या. "अगं बाय, दाजी घोरतायत!" कुणीतरी ओरडलं. सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात आली, तिला काही कळेना. मग टीव्हीतून पुन्हा घर्रर्र आली, आणि लग्नापासून रोज शेजारी झोपलेल्या बाईला जे इतके दिवस समोर यंत्र दिसत होतं म्हणून कळलं नव्हतं, ते कळलं. ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

रोहिदासला वाटलं, त्या बुजवलेल्या भोकातून बाहेर जाता आलं असतं तर बरं झालं असतं. डोळे मिटून, तल्लीन होऊन. तांदळाच्या पोत्याला टेकून. मोबाइल त्याच्या नाकाशी होता. कार्डं बदलली, पत्रा कापला, भिंत फोडली, विंगचे दिवे घालवले आणि एका माणसाचं नाव घालवलं, ते स्वतःचंच घोरणं ऐकून. तो घोरतो हे त्याने आजवर कधी मान्य केलं नव्हतं. "पुरावा दाखव," हे त्याचं सुनंदाला ठरलेलं उत्तर होतं.

कमाल हसला नाही. निदान तोंडाने नाही. तो गुडघ्यांवर सरकत जमिनीवरच्या त्या मोठ्या डब्यापाशी गेला आणि त्याची वायर काढली. "हा जाड आवाज वाढवतो," तो म्हणाला. "मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो येतच नव्हता. आता बाईंचा आवाज वाढवू." त्याने व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

घोरणं राहिलं, पण लांब गेलं. आणि त्याच्या अलीकडे, जात्याच्या घरघरीवर, सोमीआईचा आवाज आला. पहिली ओळ तिने चांगली खणखणीत घेतली होती.

*उंबराच्या सावलीला जातं मांडिलं,*
*जात्याच्या तोंडाशी हळकुंड सांडिलं...*

आणि तिथे ती थांबली. बांगड्या वाजल्या. तिने मान वळवली, मोबाइलच्या दिशेने पाहिलं, म्हणजे मोबाइलच्या मागे पाहिलं, आणि बायकांना म्हणाली, "हळू म्हना गं. जावई निजलाय. दिसभर राबलाय."

त्यानंतरचा सगळा धवला कुजबुजत होता.

हॉलमधलं हसू एकाएकी थांबलं. सुनंदाने ट्रे खाली ठेवला. "म्हणजे तिचा आवाज बसला नव्हता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "बरी होती हो ती तेव्हा. चांगली होती." आणि ती टीव्हीसमोर खाली बसली आणि रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. मैनावहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "बरी नायतर काय? त्या दिवशी पाटा उचलला होता आयनं."

रोहिदास उभाच होता. दिसभर राबलाय. त्या दिवशी तो काय राबला होता? सकाळी टेंपोतून खुर्च्या उतरताना "सावकाश, सावकाश" म्हणाला होता. मग मटणाचा रस्सा तीनदा मागून घेतला होता. आणि ती बाई, जिच्या आवाजाने आळी थांबायची, तिने आपल्या नातीच्या हळदीचा धवला याची झोप मोडू नये म्हणून गळ्यात दाबून धरला होता. त्याच दाबलेल्या आवाजासाठी सुनंदा आठवडेच्या आठवडे स्वतःला दोष देत होती. आणि हा मात्र, शब्द ऐकू येत नाहीत म्हणून, कमालला शिव्या देत होता.

बायका तिथेच धवला पाठ करायला बसल्या. व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागला, पुन्हा पुन्हा रोहिदास घोरला. त्याने मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहायला घेतलं. "चारफाट्याच्या दुकानाबद्दल मी लिहिलं ते खोटं होतं," एवढं लिहिल्यावर त्याला वाटलं, की कारण दिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, शाळा तर नाहीच. म्हणून पुढे लिहिलं, "तो आवाज पंख्याचा नव्हता. मी घोरतो. व्हिडिओत तो आवाज माझा आहे. पंखा नवाच होता. कमालभाईंची सर्वांसमोर माफी मागतो." आणि खाली "आवाजातला जाणकार" न लिहिता नुसतं नाव लिहिलं. अंगठे आले. हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे तर सबंध दिवस येत राहिले. सेक्रेटरींनी लिहिलं, "सासूबाई काय म्हणाल्या?"

"बस की कमाल, चहा घे," रोहिदास म्हणाला. त्याला कमालकडे बघवत नव्हतं. "कार्ड... कुठलं ठेवू?"

"छोटं पुरेल," कमाल म्हणाला. "पहिल्या दिवशी म्हटलं होतं."

हळदीला रोहिदासने कमालला आणि झोहराला मुद्दाम आमंत्रण दिलं. शाळेची ऑर्डर कमालकडे परत आली होती, पण एवढ्याने आपलं तोंड उजळलं असं त्याला वाटत नव्हतं. जेवणं झाली. त्याने रस्सा एकदाच घेतला. तांदळाच्या पोत्यापासून लांब, भर मांडवात, प्लास्टिकच्या खुर्चीवर तो ताठ बसला. कुणी पाहिलं तर जागा दिसावा म्हणून डोळे जरा जास्तच उघडे ठेवले. कमाल शेजारच्या खुर्चीवर होता.

जातं मांडलं गेलं. पोरी गोल बसल्या. पोक्त बायकांनी मान हलवली आणि पोरींनी धवला धरला, शब्दन् शब्द, जसा व्हिडिओत ऐकला तसा. पहिली ओळ खणखणीत. हळकुंड सांडलं. मग सगळ्यांनी एकदम आवाज उतरवला आणि जात्याच्या तालावर, हळकुंड दळत, म्हणायला लागल्या,

*हळू म्हना गं, जावई निजलाय,*
*दिसभर राबलाय, जावई निजलाय...*

रोहिदास अर्धवट उठला. "अहो, ती ओळ नाही... ते गाण्यात नाही!" पण एवढ्या गळ्यांपुढे त्याचं कोण ऐकतं? त्याने मैनावहिनींकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. "राहू द्या, दाजी," त्या म्हणाल्या. "आयनं सांगितली तशी म्हनायची. पोरी आता तशीच म्हननार. त्यांच्या पोरी पन."

दर दोन ओळींनंतर ते आलं. गावची माणसं वळून त्याच्याकडे बघत होती. सुनंदा जात्याशी बसली होती, हात पिवळे झालेले, आणि सगळ्यांत मन लावून तीच म्हणत होती. तिच्या आईचा आवाज जसा उतरायचा तसाच तिचा उतरत होता. तिने एकदा वर पाहिलं आणि त्याच्याकडे बघून हसली. बऱ्याच महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

रोहिदास खाली बसला. कमाल त्याच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, इथे पंखा कुठेच दिसत नाही मला."

मांडवात उकडत होतं, पोट भरलेलं होतं आणि गाणं फार हळू आवाजात चाललं होतं. रोहिदासने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले आणि डोळे उघडे ठेवून तो धवला पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला.